आनुवंशिक दुखणे, नवे औषध आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 पाककृती, बचत, मुलांचे संगोपन या विषयांवर आपल्या सभेत पुष्कळ बोलणे झाले आहे. मी आज एका औषधाची हकीकत सांगणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. औषधशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने चार रविवार माझ्याबरोबर बसून ही हकीकत मला उलगडून दाखविली. मला जे नीट उमगले तेवढेच मी आपल्यापुढे ठेवते.

हा विषय मी का निवडला ते आधी सांगते. माझ्या नात्यातील एका घरी पहिलावहिला मुलगा झाला. रंगाने उजळ, डोळे टपोरे, ओळखीचे माणूस दिसताच हसणारा. पण चौथा महिना सरला तरी मान धरीना. पाय बेडकासारखे फाकलेले राहत, ते उचलण्याची ताकद त्याच्यात नव्हती. रडण्याचा आवाजही क्षीण. तेल-मालिश झाली, दृष्ट काढून झाली, अंगारे-धुपारे झाले. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितले, तोवर मुलाला श्वास पुरेनासा झाला होता. वर्ष पुरे होण्याआधी तो गेला. मूल गेले ते दुःख होतेच. पण त्यानंतर त्या मुलीच्या वाट्याला जे आले ते त्याहून वाईट. ‘हिच्याच कुळात काहीतरी असणार’, ‘गरोदरपणी ग्रहण पाळले नाही’, ‘पांढऱ्या पायाची’, असे घरच्यांनी म्हटले आणि शेजारणींनीही म्हटले. भगिनींनो, असे बोलणाऱ्या आपण बायकाच असतो. म्हणून हा विषय पुरुषांच्या सभेत नव्हे, आपल्या सभेत निघाला पाहिजे.

या दुखण्याला डॉक्टर ‘स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी’ म्हणतात, थोडक्यात एस. एम. ए. पाठीच्या कण्यात ज्या मज्जापेशी असतात, त्या हातापायांच्या, मानेच्या व श्वासाच्या स्नायूंना हुकूम देतात. या दुखण्यात त्या पेशी हळूहळू मरतात आणि स्नायू वाळत जातात. मुलाच्या बुद्धीला मात्र काही होत नाही. जगात साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला हे दुखणे होते.

हे होते कशामुळे, ते समजण्यासाठी आपल्या ओळखीचा दाखला घेऊ. आपल्या गावात जमिनीचे व्यवहार कोणाला नवे नाहीत. भाताची खाचरे गेली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे उभी राहिली, तेव्हा घरोघरी सातबाराचे कागद निघाले. मूळ दप्तर तलाठ्याकडे असते. ते जागचे हलत नाही. आपण त्याचा उतारा काढतो, आणि पुढचे सारे काम त्या उताऱ्यावर चालते. शरीरातही तसेच आहे. प्रत्येक पेशीच्या मध्यभागी मूळ दप्तर असते, त्याला डी. एन. ए. म्हणतात. त्याचा जो उतारा बाहेर पडतो तो आर. एन. ए. हा उतारा वाचून पेशी निरनिराळी प्रथिने तयार करते, आणि प्रथिनांवर शरीराचा सगळा कारभार चालतो.

हे दप्तर अवघ्या चार अक्षरांत लिहिलेले आहे. आपल्या बाराखडीपुढे ते काहीच नाही, पण लिखाण लांबलचक, सुमारे तीनशे कोटी अक्षरांचे. उताऱ्यातील अक्षरे ज्या मण्यांनी बनतात, त्या मण्याला न्यूक्लिओसाइड असे नाव आहे. एका मण्यात दोन भाग असतात : एक अक्षर, आणि ते जिला चिकटलेले आहे ती साखरेची एक कडी. दोन मण्यांच्या मधली गाठ फॉस्फेटची. हा मणी लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी हकीकत त्याच्याच भोवती आहे.

मज्जापेशींना जिवंत ठेवणारे एक प्रथिन आहे. त्याचा मजकूर दप्तरात दोन ठिकाणी आढळतो. पहिल्या नोंदीला एस. एम. एन. एक, दुसरीला एस. एम. एन. दोन म्हणतात. एस. एम. ए. झालेल्या मुलांत पहिली नोंद नाहीशी किंवा निकामी झालेली असते. दुसरी असते, पण तिच्यात एक अक्षर बदललेले आहे. एका अक्षराने काय होते ते शिवणवर्गाच्या भगिनींना चटकन कळेल. पोलके शिवताना आपण तुकडे बेततो आणि मग एकाला एक जोडतो. उताऱ्याचेही तुकडे असेच जोडले जातात. एस. एम. एन. दोनच्या उताऱ्यात त्या बदललेल्या अक्षरामुळे सातवा तुकडा जोडायचाच राहून जातो. बाहीवाचून शिवलेल्या पोलक्यासारखे ते प्रथिन होते. अंगात येते, पण टिकत नाही. शंभरात सुमारे दहाच प्रथिने पुरी निघतात, आणि तेवढ्यावर मज्जापेशींचे भागत नाही.

आता कोणी विचारील, की जोडणारा सातवा तुकडा सोडतो का? २००६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे रवींद्र सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जागा शोधून काढली. सातव्या तुकड्याच्या लगतच काही अक्षरे अशी आहेत, की तेथे विशिष्ट प्रथिने येऊन बसतात आणि ‘हा तुकडा गाळा’ असा जणू शेरा मारतात. ती जागा झाकून टाकली तर सातवा तुकडा पुन्हा जोडला जाईल. पण झाकायचे कशाने? त्या अक्षरांना बरोबर जुळणाऱ्या अक्षरांच्या एका लहानशा पट्टीने.

ही कल्पना मुळात त्याहून जुनी आहे. १९७८ साली अमेरिकेत पॉल झॅमेक्निक व मेरी स्टीफन्सन यांनी दाखवून दिले, की १३ अक्षरांची अशी एक पट्टी एका विषाणूची वाढ रोखू शकते. मग तेव्हापासून औषधे निघायला इतकी वर्षे का लागली? अडचण साधी होती. नैसर्गिक मण्यांची पट्टी शरीरात टिकत नाही. परक्या विषाणूंचा मजकूर फाडून टाकण्यासाठी आपल्या रक्तात आणि पेशींत कातऱ्या फिरत असतात. त्या कातऱ्यांना औषधाची पट्टी आणि विषाणूची पट्टी यांतला भेद कळत नाही. सुटलेल्या काठापासून कपडा उसवत जावा तशी ती पट्टी थोड्याच वेळात संपते, आणि उरलीसुरली मूत्रपिंडातून वाहून जाते.

आपण धान्य साठविताना काय करतो? डाळीला एरंडेलाचा हात लावतो. डाळ तीच राहते, चव तीच राहते, पण किडीचा दात लागत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी मण्यांच्या बाबतीत असेच काहीसे केले, फक्त त्यांचे काम फार नाजूक होते. अक्षराला धक्का लावायचा नव्हता, कारण अक्षर बदलले की जुळणी गेली. म्हणून त्यांनी गाठ आणि साखरेची कडी यांवर हात चालविला.

पहिला बदल गाठीत झाला. फॉस्फेटच्या गाठीतील ऑक्सिजनचा एक अणू काढून तेथे गंधकाचा अणू बसविला. जर्मनीतील फ्रिट्झ एकश्टाइन यांनी १९६० नंतरच्या दशकात या गंधकी गाठी प्रथम तयार केल्या. ही गाठ कातरीला सहज तुटत नाही. शिवाय अशी पट्टी रक्तातील प्रथिनांना धरून राहते, त्यामुळे लघवीवाटे लगेच निघून जात नाही.

दुसरा बदल साखरेच्या कडीत झाला. त्या कडीवर एक मोकळी जागा असते, तिला दोन क्रमांकाची जागा म्हणतात. कातरी तिचाच आधार घेऊन आर. एन. ए. तोडते. स्वित्झर्लंडमधील पिएर मार्टिन यांनी १९९५ साली त्या जागी एक लहानशी शेपटी जोडल्याचे प्रसिद्ध केले. तिचे नाव मेथॉक्सीएथिल. या शेपटीने दोन कामे साधली. कातरीला पाते घालायला जागा उरली नाही. आणि साखरेची कडी एका ठराविक ढंगाने वाकलेली राहिली, त्यामुळे पट्टी समोरच्या उताऱ्यावर अधिक घट्ट बसू लागली. पुढे जपानमध्ये १९९७ साली ताकेशी इमानिशी यांनी आणि डेन्मार्कमध्ये १९९८ साली येस्पर वेंगेल यांनी कडीला आडवी पट्टी ठोकून ती जागच्या जागी कुलूपबंदच करून टाकली.

घट्ट बसण्याचे महत्त्व एवढ्यासाठी, की औषध चुकीच्या जागी बसता कामा नये. येथे थोडा हिशेब करू. चार अक्षरांतून दोन अक्षरी शब्द १६ होतात, तीन अक्षरी ६४. असे करीत १६ अक्षरांपर्यंत गेले, की शब्दांची संख्या ४२९ कोटी होते, म्हणजे आपल्या दप्तरातील तीनशे कोटी अक्षरांहून अधिक. १८ अक्षरांचे शब्द तर ६,८०० कोटींच्या वर जातात. म्हणून नीट पारखून निवडलेला १८ अक्षरांचा शब्द साऱ्या दप्तरात एकाच जागी सापडेल, अशी बरीच खात्री धरता येते. नाव, गाव आणि गट नंबर असा पुरा पत्ता असला म्हणजे टपाल दुसऱ्याच्या घरी जात नाही, तसे हे आहे. तरीही जवळपास जुळणाऱ्या जागा असतात, आणि म्हणून औषध माणसाला देण्यापूर्वी वर्षानुवर्षे तपासावे लागते.

अशा रीतीने जे औषध तयार झाले त्याचे नाव नुसिनर्सेन. ते १८ अक्षरांचे आहे. त्याच्या प्रत्येक मण्याला ती शेपटी आहे आणि प्रत्येक गाठीत गंधक आहे. २३ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेच्या सरकारने त्याला मान्यता दिली. ते पाठीच्या कण्यातील पाण्यात सुईने देतात. पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा, आणि नंतर दर चार महिन्यांनी. मण्यांच्या बदलाचा उपयोग येथे कळतो. साधी पट्टी जेथे थोडा वेळही टिकत नव्हती, तेथे कण्याच्या पाण्यातले हे औषध निम्म्यावर यायला १३५ ते १७७ दिवस लागतात. आईने लेकराला वर्षातून तीनदा सुई टोचू द्यायची, की रोज? हा फरक त्या शेपटीने आणि गंधकाने केला.

गुण काय आला, तेही सांगते. अगदी लहानपणी सुरू होणाऱ्या एस. एम. ए.च्या बाळांवर परीक्षा घेतली गेली. औषध न मिळालेल्या ४१ बाळांपैकी १६ दगावली. औषध मिळालेल्या ८० पैकी १३. मान धरणे, कुशीवर वळणे, बसणे अशी प्रगती औषध मिळालेल्यांपैकी सुमारे निम्म्या बाळांत दिसली. दुसऱ्या गटात एकाही बाळात दिसली नाही. आणखी एका पाहणीत लक्षणे दिसण्याआधीच, वयाच्या सहा आठवड्यांच्या आत, २५ बाळांना औषध सुरू केले. २०१९ साली तिचा अहवाल आला तेव्हा ती बहुतेक तीन वर्षांच्या घरात पोहोचली होती आणि २५ च्या २५ हयात होती. मेलेली मज्जापेशी कोणतेही औषध परत आणीत नाही. जिवंत आहे ती वाचविते. यातून आपण काय शिकावे, हे मी वेगळे सांगायला नको.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळते. पुण्यास पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तेथे डॉ. कृष्ण गणेश आणि डॉ. वैजयंती कुमार यांनी अशाच कृत्रिम पट्ट्यांवर अनेक वर्षे काम केले. डॉ. गणेश हे पुढे २००६ साली पुण्यात स्थापन झालेल्या आयसर या संस्थेचे पहिले संचालक झाले. १९९१ साली कोपनहेगन येथे एक पट्टी निघाली होती, जिच्यात साखर आणि फॉस्फेट दोन्ही काढून प्रथिनांसारखी दोरी घातली होती. तिला कातरी मुळीच लागत नव्हती आणि ती घट्टही बसत होती. पण ती उलटसुलट कशीही बसे, पाण्यात नीट विरघळत नसे आणि पेशीच्या आत सहज शिरत नसे. पुण्याच्या या मंडळींनी त्या दोरीत कड्या घालून, तिला वळण देऊन, विजेचा भार देऊन, ती योग्य दिशेनेच बसावी आणि डी. एन. ए. व आर. एन. ए. यांतला भेद तिला ओळखता यावा, यासाठी प्रयत्न केले. त्या कामातून अजून बाजारात औषध आले नाही. पण कोणत्या वळणाने काय होते हे त्यांनी दाखवून दिले, आणि विद्येच्या वाटेवर असे दगड रचणारे लागतातच. आपल्यासारखीच एक स्त्री पुण्याच्या प्रयोगशाळेत हे काम करीत होती, हे आपल्या मुलींना जरूर सांगावे.

आणखी एका बाईंचे नाव घेते. हंगेरीत एका खाटकाच्या घरी जन्मलेल्या कातालिन कारिको अमेरिकेत गेल्या. आर. एन. ए. औषध म्हणून वापरता येईल, हा ध्यास त्यांनी घेतला होता. अनुदान मिळाले नाही, १९९५ साली विद्यापीठाने त्यांना खालच्या जागेवर आणले. त्या डगमगल्या नाहीत. २००५ साली त्यांनी ड्रू वाइसमन यांच्यासह दाखविले, की मण्याचे रूप किंचित बदलले तर शरीर त्या आर. एन. ए.ला परके समजून आरडाओरडा करीत नाही. करोनाच्या काळात परदेशात ज्या आर. एन. ए.च्या लसी निघाल्या त्या या शोधावर उभ्या होत्या. आपल्याकडे बहुतेकांना मिळालेल्या लसी निराळ्या प्रकारच्या होत्या. २०२३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढे चांगले औषध, मग नात्यातले ते मूल का गेले? कारण दुखणे उशिरा कळले, आणि कळले तेव्हा किंमत ऐकून सगळ्यांचे हातपाय गळाले. नुसिनर्सेन निघाले तेव्हा अमेरिकेत पहिल्या वर्षाचा खर्च साडेसात लाख डॉलर होता, आणि पुढे दर वर्षी त्याच्या निम्मा. एकदाच द्यावयाच्या दुसऱ्या एका इंजेक्शनची, सोळा कोटींची, वर्गणी गोळा केल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. हे औषध मूळ दप्तर बदलीत नाही, फक्त उतारा सुधारते. म्हणून ते जन्मभर घ्यावे लागते, आणि खर्चही जन्मभराचा.

तरीही काळोख पूर्वीइतका दाट नाही. केंद्र सरकारने २०२१ साली दुर्मिळ आजारांचे धोरण जाहीर केले. त्यात नेमलेल्या केंद्रांत परळचे के. ई. एम. रुग्णालय आहे, आणि २०२२ पासून एका रुग्णासाठी पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. जन्मभराच्या औषधाला ती पुरत नाही, हे खरे. पण दार ठोठावायला जागा झाली. रिसडिप्लाम नावाचे तोंडाने घेण्याचे दुसरे औषध २०२१ साली भारतात आले. ते या मण्यांचे नाही, पण काम तेच करते : सातवा तुकडा जोडून घेते. त्याची एक बाटली सहा लाखांच्या आसपास होती. पेटंटचा वाद कोर्टात गेला, आणि २०२५ साली हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध १५,९०० रुपये बाटली या किमतीला आणले. सहा लाख आणि सोळा हजार! औषध घरापर्यंत पोहोचण्यासाठी शास्त्रज्ञांइतकेच कायदा जाणणारे आणि चिकाटीने भांडणारेही लागतात, हे यावरून दिसते.

आता आपण काय करावयाचे, ते सांगून संपविते.

पहिली गोष्ट, बाळाकडे डोळस नजरेने पाहावे. तीन-चार महिन्यांचे मूल मान धरीत नसेल, पाय उचलीत नसेल, श्वास घेताना छाती न फुगता नुसते पोट हलत असेल, तर ‘आमच्याकडे मुले उशिराच मान धरतात’ असे म्हणून थांबू नये. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. या दुखण्याचा निदान रक्ताच्या तपासणीने होते. येथे दिवस मोलाचे असतात.

दुसरी गोष्ट, ज्या घरात असे मूल झाले असेल, तेथे पुढच्या बाळंतपणाआधी नवराबायको दोघांनी तपासणी करून घ्यावी. साधारण चाळीस-पन्नास माणसांत एकाच्या अंगात ही सदोष नोंद असते. त्याला स्वतःला काही होत नाही. दोघांकडेही ती असली, तर दर खेपेस चारांत एक वाटा मूल आजारी होण्याचा. जवळच्या नात्यात सोयरीक केली, तर दोघांकडे एकच सदोष नोंद असण्याचा संभव वाढतो. पोटातील बाळाच्या दुखण्याची तपासणी नोंदणी झालेल्या केंद्रात कायद्याने करता येते. मुलगा की मुलगी हे पाहणे मात्र गुन्हा आहे. या दोहोंची गल्लत करू नये.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट. मघाशी सांगितलेला हिशेब आठवावा. हे दुखणे होण्यासाठी बहुतेक वेळा आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन सदोष नोंदी याव्या लागतात. एकट्या आईकडून ते येत नाही. ग्रहणाने येत नाही, नजरेने येत नाही, गरोदरपणी काय खाल्ले त्याने येत नाही. तेव्हा अशा घरी जाण्याचा प्रसंग आला, तर सुनेकडे बोट दाखविणारे तोंड आपल्यापैकी एकीने तरी तिथल्या तिथे बंद करावे. त्याला औषध लागत नाही, पैसा लागत नाही, सातवीपेक्षा अधिक शिक्षणही लागत नाही.

मंडळाने जर वर्षातून एकदा बालरोगतज्ज्ञांना बोलावून गावातील तान्ह्या मुलांची पाहणी ठेवली, तर आजच्या दिवसाचे चीज होईल. ही सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवते.